ताणावरची बाग आणि आठ गाणी

परवा बाबांनी बागेचं पाणी तोडलं. डिसेंबर अर्धा झाला की ते ड्रिपचा मोठा कॉक बंद करतात, त्याला एक जुनं फडकं घट्ट गुंडाळून गाठ मारतात आणि घरी येऊन पाय धुता धुता सांगतात, "सोडली बाग ताणावर." संत्र्याच्या झाडाला महिना-सव्वा महिना तहानलेलं ठेवायचं, पानं गळायला लागली तरी आपण हलायचं नाही, आणि मग नेमक्या दिवशी पाणी द्यायचं. तेव्हा कुठे फूल येतं. आमच्याकडे आंबिया बहार असाच धरतात. बाबांची सगळी नोकरी पांढुर्ण्यात नळाचे व्हॉल्व्ह फिरवण्यात गेली. आज कोणत्या मोहल्ल्याला पाणी, उद्या कोणत्या, हे त्यांना झोपेतही पाठ होतं. निवृत्त झाल्यावर सावरगावच्या पलीकडच्या दोन एकरांत त्यांना पाणी न देण्याचा छंद लागला.

ते फडकं पाहिलं की मला दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा आठवतो, आणि त्या हिवाळ्यात ऐकलेले एकूण एक भिकार अल्बम आठवतात. खरं म्हणजे आई आठवायला हवी. ती त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर गेली. पण डोक्यात येतात ते अल्बम, ओळीनं, मुखपृष्ठांसकट. माझ्या मनाला कधीच शिस्त नव्हती.

मी सौंसरच्या एका शाळेत गणित शिकवते. पांढुर्ण्याहून बसनं तासभर लागतो, आणि नव्या इंडी रॉक बॅंडचा अल्बम चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा असतो. उरलेली पंधरा मिनिटं त्यांनी तो का केला असेल, याचा विचार करायला पुरतात. इंडी रॉक म्हणजे काय, असं शाळेतल्या जोशीबाई मला विचारतात तेव्हा मी सांगते, की चार मित्र असतात, मोठी कंपनी पाठीशी नसते, खोली भाड्याची असते, गिटार उधारीची असते आणि दुःख स्वतःचं असतं. जोशीबाई म्हणतात, मग भजनी मंडळच की. मी म्हणते, हो, फक्त यांच्याकडे प्रसाद मिळत नाही.

हा नाद मला एकटीला नाही. माझी धाकटी बहीण मिनू माझ्याहून सहा वर्षांनी लहान, बेंगळुरूत एका कंपनीत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी एका बॅंडमध्ये गिटार वाजवते, गाते. ती नववीत होती तेव्हापासून आमचा एक खेळ आहे. त्याचं नाव 'पहिलं ऐकणं'. नवा अल्बम आला की तो एकदा, सलग, एकही गाणं न गाळता ऐकायचा आणि एकमेकींना दोन ओळींत निकाल कळवायचा. खोटं बोलायचं नाही. दुसऱ्यांदा ऐकायचं नाही, कारण दुसऱ्यांदा ऐकलं की सवय होते, आणि सवय झाली की कारल्याचीही भाजी बरी लागते. हा नियम मिनूचा. ती तेव्हा चौदा वर्षांची होती आणि फारच कडक होती.

आई गेली, बुद्धवंदना झाली, पुण्यानुमोदनाच्या मांडवातल्या खुर्च्या परत गेल्या, मिनू बेंगळुरूला परतली, आणि मी पुन्हा बसमध्ये बसायला लागले. त्या सगळ्या दिवसांत मी रडले नाही. मी खुर्च्या मोजून घेतल्या, आलेल्यांना चहा दिला, आईच्या साड्या मावशीबरोबर घड्या करून ठेवल्या. मोठी मावशी तीन वेळा जवळ येऊन म्हणाली, "रडून घे वं बाई, आंगातून जाऊ दे." मी म्हणाले, हो. जसं कोणी सांगतं, की दुकानातून येताना मीठ घेऊन ये, आणि आपण हो म्हणतो. मग ती दुसऱ्या खोलीत जाऊन कोणाला तरी म्हणाली, की पोरगी दगड झाली. मी ते ऐकलं. त्याचंही काही वाटलं नाही.

वाटत नव्हतं म्हणजे कसं, हे सांगणं कठीण आहे. दुखत नव्हतं. भूक लागायची, जेवण जायचं. मुलांना समीकरणं शिकवायची, ती सुटायची. फक्त सगळं थोडं लांब होतं, काचेपलीकडे. आणि अशा मन:स्थितीत मी दर शनिवारी सकाळी सातच्या बसमध्ये, कानात इअरफोनचे बोळे घालून, जगभरातल्या हौशी पोरांचं दुःख ऐकायला बसायचे. त्यांची काय गत झाली असेल, सांगायला नको.

एक बॅंड दहा वर्षांनी परत आला होता. इंटरनेटवर लोकांच्या डोळ्यांत पाणी. मी मिनूला लिहिलं, "दहा वर्षं कुठे होते माहीत नाही, पण अजून पोचलेले दिसत नाहीत." दुसऱ्या एका अल्बमच्या मुखपृष्ठावर रिकाम्या खोलीत एक रिकामी खुर्ची होती. माझा निकाल असा, की सगळ्यात मन लावून काम खुर्चीनं केलंय. तिसऱ्यात सहावं गाणं म्हणजे चार मिनिटं नुसता खिडकीवर पडणाऱ्या पाण्याचा आवाज. मला वाटलं इअरफोन गेला. मी तो काढून फुंकर मारली, पुसला, पुन्हा घातला, तर अजून पाणीच. दिल्लीच्या एका बॅंडनं इंग्रजीत ट्रॅफिकवर तीन गाणी केली होती. ती चालू असताना आमची बस तिगावच्या फाट्याजवळ कापसाच्या ट्रॅक्टरमागे अडकली, आणि इमानानं सांगते, त्या ट्रॅक्टरला ताल जास्त होता.

मिनू या सगळ्यांवर हसून लोळायची, निदान तसं लिहायची. तीही आपले निकाल पाठवायची, पण माझे जास्त चांगले व्हायचे. काही वाटत नसलं की विनोद फार नेमका होतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटायचं मी फॉर्मात आहे.

एकदा एक गायक सापडला, जो सगळी गाणी गोधडीत तोंड खुपसून गात होता. मी लिहिलं, "याच्या आईनं याला उठवावं." पाठवलं, आणि मग पडद्यावर 'आई' हा शब्द दिसला. बराच वेळ पाहत बसले. वाटलं आता काहीतरी होईल. सौंसर आलं, मी उतरले, शाळेत जाऊन हजेरी घेतली. त्या निकालावर मिनूचं उत्तर मात्र आलं नाही.

आमचा कंडक्टर एक पोक्त माणूस आहे. रोज मला खिडकीची जागा धरून ठेवतो. त्यानं एक दिवस तिकीट फाडता फाडता विचारलं, "मॅडम, एक बात पूछू? आप इतना सुनते हो, न हसते, न मुंडी हिलाते. गाना चालू रहता है ना?" मी म्हणाले, चालू आहे. तो म्हणाला, "अच्छा नहीं है क्या?" मी म्हणाले, नाही. "तो बदल दो ना, मॅडम," असं म्हणून तो पुढच्या सीटकडे गेला. इतका सोपा उपाय मला सुचला नव्हता.

जानेवारीत, एका शुक्रवारी संध्याकाळी, मिनूचा मेसेज आला. "ताई, आमचा झाला. आठ गाणे आहेत. पुढच्या महिन्यात टाकणार आहो. आधी तू आइक. पहिलं ऐकणं, खरं खरं." बॅंडचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तिनं तशी ताकीद दिली आहे. दोन महिन्यांत, नोकरी सांभाळून, चौथ्या माळ्यावरच्या एका खोलीत भिंतींना गाद्या लावून त्यांनी ते केलं होतं. आई गेल्यावर परत गेली ती थेट त्याच कामाला लागली होती. मी शनिवारी सातच्या बसमध्ये बसले आणि लावलं.

आठ गाणी आली आणि गेली. गिटार होती, ड्रम होते, माझ्या बहिणीचा आवाज होता. शब्द इंग्रजी आणि हिंदी मिसळून, कोणत्या तरी रिकाम्या घराबद्दल, न वाजणाऱ्या फोनबद्दल. मी खिडकीतून कपाशीची वाळलेली, उभी पळखाटं पाहत होते. सौंसरच्या अलीकडचा मोहगावचा फाटा गेला. मी खरंच वाट पाहत होते, की आता काही होईल, ही तर मिनू आहे, माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. काही झालं नाही. सौंसरला उतरून, शाळेच्या फाटकापाशी उभी राहून मी लिहिलं, "मोहगावपर्यंत वाट पाहिली. सुरू झाला की कळव."

चांगला निकाल होता. आजही मला तो त्या हिवाळ्यातला सगळ्यात चांगला वाटतो, आणि त्याची लाज वाटते. मिनूनं एक हसरा चेहरा पाठवला. मग अंगठा. मग काही नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला मावशीकडे गेले होते. बागेकडे नजर ठेव, एवढं सांगून गेले होते. मी सकाळी गेले तर झाडं पाहवेनात. पानं वळून पन्हळीसारखी झाली होती, खाली पिवळा सडा पडला होता, आणि जमिनीला बोट जाईल अशा भेगा. ताणाला अजून चांगले पंधरा-सोळा दिवस बाकी होते. मी लहानपणापासून आजूबाजूच्या बागांत हे पाहत आले आहे. मला नीट माहीत आहे, की मधेच पाणी दिलं तर झाड फुलायचं विसरतं आणि नुसता पाला फेकतं. तरी मी कॉक फिरवला. का फिरवला ते विचारू नका. आई गेली तेव्हा हलले नाही, बहिणीनं जीव ओतून केलेलं ऐकून हलले नाही, आणि सुकलेल्या पानांनी मला हलवलं. दोन तास पाणी सोडून बागेच्या कडेच्या धुऱ्यावर बसून राहिले. ज्याला पाणी हवं होतं त्याला दिलं नाही, ज्याला नको होतं त्याला दिलं, एवढा साधा हिशेब मला तेव्हा जमला नाही. आणि मी गणित शिकवते.

बाबा चार दिवसांनी डोळ्यावर हिरवी पट्टी लावून आले. एका डोळ्यानंही त्यांना खोडाभोवतीची ओल दिसली. ते खाली बसले, माती बोटांत चुरली, वर पाहिलं. म्हणाले, "देल्लं का पाणी?"

मी म्हणाले, "देल्लं."

"हं," ते म्हणाले, आणि उठले.

फेब्रुवारीत शेजारच्या बागांतून फुलांचा वास यायला लागला. मोहगावाकडून येताना बसमध्येसुद्धा तो वास शिरतो, लोक बोलता बोलता थांबतात. आमच्या बागेला हिरवागार पाला आला. रस्त्यानं जाणारे म्हणायचे, काय बाग झाली हो तुमची. जवळ येऊन पाहणारे काही म्हणायचे नाहीत. मला वाटलं होतं बाबा रागावतील. ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते रोज त्याच वेळेला उठत होते, त्याच वेळेला बागेत जात होते, जेवताना बातम्या पाहत होते. आईच्या जागेवर पाण्याचा तांब्या ठेवत होते आणि तो उचलतही होते. मला त्यांचा हेवा वाटायचा. पुढच्या डिसेंबरपासून त्या कॉकला फडकं बांधायला लागले, एवढाच काय तो शेरा.

आता इथे कोणी म्हणेल, बाईंना बरोबर रूपक सापडलं. झाडाचा ताण, मनाचा ताण. मला त्यात रस नाही. झाडाला पुढे फूल येतं म्हणून त्याला तहानलेलं ठेवतात. मला कोणी ठेवलं नव्हतं आणि पुढे काही येणार होतं असंही नव्हतं. मी नुसती बधिर होते. बधिरपणाला बहार-बिहार काही नसतो.

मिनूचा अल्बम ठरल्याप्रमाणे आला. फार कोणी ऐकला नाही. आमचं बोलणं बंद झालं नाही, ते झालं असतं तर भांडून तरी मोकळ्या झालो असतो. दर रविवारी फोन व्हायचा. तिकडे पाऊस आहे का, इकडे थंडी आहे का, बाबाचा डोळा कसा आहे. मी दोन-तीनदा नव्या अल्बमचे निकाल पाठवले, ते तिनं वाचले, खाली दोन निळ्या खुणा आल्या. गेल्या वर्षी सहज विचारलं, की गिटार काय म्हणते. ती म्हणाली, "मित्राले देली, ताई. पडूनच राहून राहिली होती." आणि लगेच म्हणाली, की गॅस संपला वाटते, ठेवते. चौदाव्या वर्षापासून जिच्या हातातून गिटार सुटली नाही, तिची गिटार पडून राहिली होती.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला होता. तो अल्बम खरंच फिका होता, की त्या हिवाळ्यात मला सगळंच फिकं लागत होतं? चांगला असेल तर मी बहिणीचं गाणं बंद पाडलं. फिका असेल तरी बंद पाडलं, फक्त बरोबर कारणानं. नियम मोडून पुन्हा ऐकायचं एवढंच होतं, पण इतके दिवस माझी हिंमत झाली नाही. शेवटी काल रविवारी झाली.

दुपारी अंगणात उन्हात बसून आम्ही दोघं तुरीच्या शेंगा सोलत होतो, सोलेभातासाठी. मी फोन दोघांच्या मधे ठेवला आणि पहिलं गाणं लावलं. बाबांनी ते कधी ऐकलंच नव्हतं. मिनूनं त्यांना पाठवलं नव्हतं आणि मी ऐकवलं नव्हतं. एखाद मिनिट ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "मशीन तपासून राहिले का?"

"नाही बाबा, गाणं सुरू आहे."

"असं का." त्यांनी चार शेंगा सोलल्या. "ही आपली मिनू होय का?"

"होय."

"मंग मंधात मिक्सर काऊन लावला?"

मला हसू फुटलं. बाबांचं पहिलं ऐकणं माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. दुसरं गाणं लांबलं होतं, चांगलंच लांबलं होतं, आणि तिसऱ्याला मला कंटाळा आला. म्हणजे खरोखर कंटाळा, शाळेत शेवटच्या तासाला येतो तसा, पाय हलवावेसे वाटणारा. चौथ्यात ड्रमवाल्यानं तिचा आवाज झाकून टाकला तेव्हा मला त्याचा राग आला. मी शेंग अर्धी टाकून म्हणाले, "अरे, तिला गाऊ दे ना." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. सहाव्या गाण्याच्या आधी, नुसता एक क्षण, मिनू श्वास घेते तो ऐकू येतो. परीक्षेला जाताना उंबऱ्यावर थांबून घ्यायची, तसा. मी तिथे मागे जाऊन तो तीनदा ऐकला. नंतरचं गाणं ठीक होतं. अल्बम फार चांगला नव्हता. फार वाईटही नव्हता. तीन गाणी काढून टाकली असती तर ऐकण्यासारखा झाला असता, आणि हे एक माणूस दोन वर्षांपूर्वी तिला सांगू शकलं असतं.

मी तिला फोन लावला. हात शेंगांनी चिकट झालेले, म्हणून फोन खालीच ठेवून स्पीकर चालू केला.

"मिनू, दुसरं गाणं लय लांबलं," मी म्हणाले.

"कोणाचं?"

"तुमचं. आणि चौथ्यातला ड्रमवाला कोण आहे? त्याले कोणी थांबवत काऊन नाही? तिसरं तर काढूनच टाकाचं होतं. सहावं ठेवाचं."

ती म्हणाली, "तू दुसऱ्यांदा आइकलं?"

"आइकलं."

"दोन वर्षानं?"

"हो."

"तिसरं नाही काढत," ती म्हणाली. आवाज चढला होता. "तुले का समजते, ताई? तिसऱ्यात बेस आहे तो आइकला का तू? बसमधी आइकशीन तर का आइकू येईन तुले." आणि मग ती थांबेचना. मोहगाव काय, वाट काय पाहिली, दोन महिने झोपली नव्हती ती, आणि मी फाटकात उभी राहून विनोद केला. सगळं बोलली. मी ऐकत होते. मला वाईट वाटत होतं, चांगलं खोल, आणि वाटतंय याचं मला इतकं बरं वाटत होतं, की मी मधे बोललेच नाही.

शेवटी ती दमली. हळू आवाजात म्हणाली, "मले रिव्ह्यू नव्हता पाहिजे वं ताई. तू रडली नाही, काही नाही, तशीच बसमधी जाऊन राहिली होती. तू कशी आहे, हे विचाराचं होतं मले. विचारता आलं नाही, म्हणून गाणे पाठवले."

समोर लिंबावर कोणता तरी पक्षी सारखा ओरडत होता. मी हातातली शेंग न सोलताच सुपात टाकली.

"मी बरी नव्हती, मिनू," मी म्हणाले.

"मीपण नव्हती," ती म्हणाली. "अजूनही नाही. बाबाले नको सांगू फक्त. ते बरे आहेत, त्याइले कायले."

बाबा माझ्यासमोरच बसले होते. स्पीकर चालू आहे हे तिला सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं, फोनकडे वाकले, आणि व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरून आवाज देत तसा मोठ्यानं आवाज दिला.

"मलेबी नाही करमत, पोरीहो."